मंजरथला माझ्या आधी आलेला माणूस

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. 'तेवढ्यात दिवा विझला' असं आलं की मी समासात पेन्सिलीने लिहितो – वारा. केजला तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, त्याची ही खोड. भूत, चकवा, करणी यातलं काही मी कधी मानलं नाही. आज पंच्याहत्तरीतही मानत नाही. माझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट मात्र अशी आहे, की तिचा हिशोब मला कधीच लागला नाही. घडली तशी सांगतो. मीठ-मसाला लावत नाही... लावायला सुचतही नाही.

निजामाचं राज्य होतं. मी चोवीस वर्षांचा, बीडच्या आबकारी कचेरीत कारकून. आबकारी म्हणजे दारू आणि शिंदीवर देखरेख ठेवणारं खातं. बिंदुसरा आणि सिंदफणा या नद्यांच्या काठाने तेव्हा शिंदीची दाट बनं होती. ज्या झाडाची शिंदी उतरवायची त्या झाडाला सरकारी नंबर असे, आणि सायकलवर हिंडून ते नंबर तपासणं हे माझं काम. सगळा नदीकाठ पाठ होता. म्हणूनच ती ट्रिप माझ्या गळ्यात पडली.

हैदराबादहून आमच्या खात्याचे एक मोठे अधिकारी यायचे होते – खासनीस साहेब. कामासाठी नव्हे, रजेवर. साहेब विलायतेत शिकलेले. तिकडे असताना ते फ्रान्समध्ये एका नदीच्या खोऱ्यातून, द्राक्षांच्या मळ्यांमधून आठवडाभर सायकलने हिंडले होते. सोबत एक वाटाड्या, आणि दर मुक्कामाला त्या गावची वाइन चाखायची. तसंच आपल्याकडे करावं असं त्यांच्या मनाने घेतलं.

"द्राक्षं नाहीत तर नाहीत," पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले. "शिंदी आहे, नदी आहे, सायकली आहेत. वाटाड्या तू."

सोबत त्यांच्या पत्नी सुमतीबाई होत्या. वय पंचविशीच्या आत, लग्नाला तीन-चार वर्षं झालेली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून त्या सायकलवर बसल्या तेव्हा बीडच्या पेठेत दुकानदार गादीवरून उठून बाहेर आले. बाईंना त्याचं काही नव्हतं. दोन वेळा घंटी वाजवली आणि पुढे निघाल्या.

बेत तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी जवळच बिंदुसरेच्या काठचं पाली, ते पाहून बीडला परत. दुसऱ्या दिवशी सिंदफणेच्या काठाने खाली, माजलगावच्या अलीकडच्या एका गावी पाटलांकडे मुक्काम. तिसऱ्या दिवशी मंजरथ – तिथे सिंदफणा गोदावरीला मिळते. मंजरथला नावेने गोदावरी ओलांडायची. पलीकडे खात्याची मोटार उभी राहणार होती. ती दोघांना मानवत रोड स्टेशनला नेणार, तिथून आगगाडीने हैदराबाद. मी त्यांना नावेतून पलीकडे पोचवून परत फिरायचं.

पौष महिना, कडाक्याची थंडी. पालीला आता धरण झालंय, तेव्हा नुसती नदी होती. ऊन वर यायच्या आत पोचायचं होतं, कारण झाडावरून उतरवलेला रस पहाटे नुसता गोड असतो, ती नीरा. ऊन लागलं की फेस धरतो, दुपारी आंबट होतो आणि संध्याकाळी डोक्यात जातो. साहेबांना हे सगळे टप्पे चाखायचे होते. बाई फक्त नीरा घेणार होत्या.

आम्ही पोचलो तर शिंदी उतरवणारा धोंडिबा वाटेवरच उभा. घोंगडी अंथरलेली, पितळेचे तीन पेले घासून उपडे ठेवलेले, कोऱ्या गाडग्यात नीरा. मी चकित झालो. मी त्याला काहीच कळवलं नव्हतं. अचानक जाऊन जे मिळेल ते प्यायचं, असं साहेबांनीच बजावलं होतं.

साहेब नीरा चाखत होते तेव्हा धोंडिबाला बाजूला घेऊन विचारलं, "तुला कोणी सांगितलं आम्ही येणार म्हणून?"

"तुमीच की!" तो हसला. "काल आलता न्हाई का. पायी आलता. म्या म्हनलं, सायकल कुटं हाय, तर तुमी बोलला न्हाईत. नुसतं म्हनलात, साहेब अन् बाई येतेत, त्यानला दुपारपतोर सोडू नगंस."

आदला सगळा दिवस मी कचेरीत होतो. दिवेलागणीपर्यंत. मला वाटलं, हे वामनचं काम. वामन म्हणजे आमच्या कचेरीतला चेष्टेखोर गडी. अंगापिंडाने माझ्यासारखाच, लांबून लोक फसत.

तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. "दिगंबर, बंदोबस्त फर्स्ट क्लास आहे हं!"

"होय साहेब," मी म्हणालो. न केलेल्या कामाची शाबासकी खिशात घातली. चोवीस वर्षांचा होतो, कायम होण्याची आशा होती... दुसरं काय करणार?

धोंडिबाने खरोखरच दुपारपर्यंत सोडलं नाही. हे झाड दाखव, ते झाड दाखव, त्याची बायको बाईंना शिंदीच्या पात्यांची चटई विणायला शिकवू लागली. बाईंनी माझी परीक्षाच घेतली – "एकशे बारा नंबरचं झाड कुठलं? आणि एकशे चाळीस?" मी बसल्या जागी बोट दाखवत होतो. साहेब हसत होते. तो दिवस फार चांगला गेला, हे नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बीडहून निघालो. निरोप द्यायला कचेरीतले दोघे-तिघे आले होते. त्यात वामनही होता, शाल गुंडाळून, दात वाजत. मी त्याला पालीचं विचारलं. त्याने आईची शपथ घेतली. मी विश्वास ठेवला नाही.

दिवसभर नदीकाठच्या बैलगाडीच्या वाटेने गेलो. दोन बनांत थांबलो, दोन्हीकडची शिंदी चाखली. कुठल्या काळ्या मातीतली गोड आणि कुठल्या मुरमाड जागेतली उग्र, यावर साहेबांचं भाषण ऐकलं. दिवस कलला तेव्हा पाटलांच्या मळ्यात पोचलो. हुरड्याची आगटी पेटलेली. खाटा टाकलेल्या. पाटलांनी साहेबांना हार घातला आणि वळून मला म्हणाले,

"काय हो कारकून, वाळले का कपडे?"

"कुठले कपडे?"

"आता गं! सकाळी आलता तवा पार भिजून आलता. दातावर दात ठरत नव्हता. म्या म्हनलं, पौषात कशाला नदीत उतरलात? तर तुमी म्हनलात, साहेबांना दोन दिवस ठिवून घ्या, कसंबी करून ठिवून घ्या. मी घोंगडी आनस्तोर निघून बी गेलात."

मी हळूच विचारलं, "किती वाजले असतील तेव्हा?"

"दिस उगवाया."

दिवस उगवताना मी तिथून कित्येक कोस लांब, बीडच्या वेशीवर, बाईंच्या सायकलची चेन बसवत होतो. आणि वामन माझ्या शेजारी उभा होता.

"पाटील, दुसरं कोणी असेल."

पाटलांना राग आला. "मला काय माणूस वळखू येत न्हाई व्हय? अंगावरला कोट ह्योच. गळ्याखाली तुटलेलं बटन बी ह्येच."

मी कोटाकडे पाहिलं. बटण त्या दिवशी दुपारी तुटलं होतं, बाभळीच्या फांदीला अडकून.

खोटं सांगत नाही, मला तेव्हा भीती वाटली नाही. गणित चुकल्यावर वाटतं तसं वाटलं. कुठेतरी एक पायरी निसटली आहे, ती सापडेल. मी कोणाला काही बोललो नाही. पाटलांनी साहेबांना राहण्याचा फार आग्रह केला. उद्या कुस्त्या ठेवतो म्हणाले. साहेब म्हणाले, परवा हैदराबादला हजर व्हायचंय, सकाळी निघणारच.

सकाळी निघालो. साहेब पुढे गेले होते. बाई माझ्या बरोबरीला आल्या.

"दिगंबर, काल सकाळी तुम्ही पाटलांकडे आला होता?"

"नाही बाईसाहेब."

"मग पाटील खोटं बोलतात का?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

मंजरथला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. स्वच्छ ऊन, वारा नाही. गोदावरीचं पाणी हिरवं आणि इतकं संथ, की वाहतंय की नाही ते कळू नये. पलीकडच्या काठावर मोटार उभी दिसत होती. इकडे उतारावर नाव लागलेली. गाठोडी घेऊन बसलेल्या चार बाया, आणि एक म्हातारा आपल्या शेळ्या घेऊन. नावाडी गणुबा, पन्नाशीचा, काळाकुळकुळीत. मी त्याला त्याआधी दोनदाच भेटलो होतो.

त्याने आम्हाला येताना पाहिलं आणि उठून उभा राहिला. साहेबांना नमस्कार केला नाही. माझ्याकडे बघत राहिला.

"गणुबा, साहेबांना आधी पलीकडं सोड," मी म्हणालो. "तिघं आणि तीन सायकली."

"न्हाई सोडत."

"काय?"

"तुमीच सांगितलंय, सोडू नगं म्हनून."

साहेब सायकल टेकवून जवळ आले. "काय म्हणतोय हा?"

गणुबा आता त्यांच्याशीच बोलू लागला. आवाज चढवला नाही. "साहेब, ह्यो तुमचा माणूस सकाळी, ऊन कवळं असताना, हितं आलता. एकलाच. अंगावरून पानी गळतंय, कपाळ फुटलेलं. म्या नाव धूत होतो. आला अन् माज्या पायाला हात लावला. सरकारी माणूस, अन् माज्या पायाला हात! म्या मागं सरलो. तर म्हनला, 'गणुबा, मी दोन मान्सं घिऊन येईन. हुकूम करीन, शिव्या दीन. तू ऐकू नगंस. त्या बाईला नावंत पाय ठिवू दिऊ नगंस.' अन् लई रडला."

साहेब आधी हसले. मग माझ्याकडे वळले आणि हसू गेलं. "हे काय आहे दिगंबर? पालीला थांबवून घेतलं, पाटलांनी दोन दिवस राहायचा लकडा लावला, आता हा. हे सगळं तू ठरवून केलंस?"

मी म्हणालो, "नाही साहेब." दुसरं काय बोलणार? पण त्यांनी ते तिन्ही प्रसंग एका ओळीत मांडले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं – तो जो कोणी होता, तो दर ठिकाणी आम्हाला अडवायला बघत होता. या नावेपासून लांब ठेवत होता.

"मग सांग त्याला नाव सोडायला."

मी गणुबाकडे पाहिलं. तो म्हणाला, "सांगा. आता तुमी पुन्यांदा सांगितलं तर सोडतो. मी गरीब माणूस, सरकारशी कुटं भांडू? पर तवा कशापायी रडत होता, त्ये आदी सांगा मला."

"मी रडलो नाही गणुबा. मी इथं आलोच नव्हतो."

"आसं रडत होता," तो म्हणाला. त्याने डावा हात वर केला, अंगठ्याखालचा मांसल भाग दातांत धरला आणि डोळे घट्ट मिटून, आवाज न काढता खांदे हलवून दाखवले.

ते कोणाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आईला ऐकू जाऊ नये म्हणून गोठ्यात जाऊन तसा रडायचो – हात दातांत धरून. आईनेसुद्धा ते कधी पाहिलं नव्हतं. मोठा झाल्यावर तसा रडण्याची वेळ आली नाही.

नदीकडे बघितलं. तशीच संथ. शेळ्या पाणी पीत होत्या. एवढ्याशा पाण्यात काय होणार? माझी नोकरी समोर उभ्या असलेल्या माणसाच्या एका ओळीच्या रिपोर्टवर होती. घरी आई, आणि लग्नाची एक बहीण. हे सगळं मी नीट विचारात घेतलं. घाबरून काही केलं, असं कोणी म्हणू नये.

"सोडू नको," मी गणुबाला म्हणालो.

 साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

गणुबाने त्या चार बायांना, म्हाताऱ्याला आणि शेळ्यांना घेतलं आणि नाव पाण्यात लोटली. आम्ही तिघं काठावर उभे राहिलो. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं. नाव मध्यावर गेली, पलीकडे लागली. बाया उतरल्या, शेळ्या उतरल्या. एक करडू मागे राहिलं होतं, त्याला म्हाताऱ्याने कडेवर घेतलं. नाव परत आली. इकडून आणखी चौघं बसले, तेही सुखरूप पोचले. नाव पुन्हा परत आली, उतारावर लागली.

"दोन खेपा," साहेब म्हणाले. "झालं समाधान? आता चल."

"साहेब, मी नाही म्हणणार त्याला."

"मग मी म्हणतो. सुमती, चल."

बाई वाळूत सायकलीशेजारी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. "अहो, तुम्ही जा हवं तर. मी येत नाही."

"तूसुद्धा? या अडाण्यांच्या नादी लागून?"

"नादी नाही," त्या म्हणाल्या. "कोणीतरी इतकं गयावया करून सांगून गेलंय. कोण ते मला नाही माहीत. पण मला ते मोडवत नाही."

साहेब नावेपर्यंत गेले. एक पाय नावेच्या काठावर ठेवला. तसेच थोडा वेळ उभे राहिले, पलीकडच्या मोटारीकडे बघत. मग पाय काढून घेतला, आणि परत येऊन सायकल वळवली.

आम्ही आल्या वाटेने बीडला गेलो.  तिथून दुसऱ्या मोटारीने दोघं जालन्याला गेले, आणि तिथून गाडीने हैदराबादला. त्यांची रजा दोन दिवस वाढली, आणि महिनाभरात मला कामावरून कमी केल्याचा हुकूम आला. कारण लिहिलं होतं – वरिष्ठांची अवज्ञा. ते खरंच होतं. मी तक्रार केली नाही. केजला एका ओळखीच्या घरी शिकवण्या धरल्या, पुढे शाळेत लागलो, बहिणीचंही लग्न झालं.

मंजरथला मी वर्षभराने एकदा मुद्दाम जाऊन आलो. गणुबाला विचारलं, त्या दिवशी नंतर काही झालं का? नाव गळायला लागली, कोणी पडलं, काही? तो म्हणाला, काही न्हाई. त्या दिवशी न्हाई, त्या महिन्यात न्हाई. नाव अजून तीच होती. म्हणजे पाहा, तो खरंच काही सांगायला आला असेल तर ते घडलंच नाही. आणि आम्ही बसलो नाही म्हणून घडलं नाही, की बसलो असतो तरी घडलं नसतं, हे कुठल्याच रीतीने ताडून पाहता येत नाही. एका मास्तर मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, तीन माणसं आणि तीन लोखंडी सायकली, तोल गेला असता. असेल. पण मग कोट, बटण, हात... त्याचं काय?

राज्य गेलं. सगळं बदललं. बावीस वर्षांनी एक दिवस शाळेच्या पत्त्यावर लग्नाची पत्रिका आली, हैदराबादहून. खासनीसांच्या मुलीचं लग्न. खाली कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं – 'दिगंबरराव, नक्की यावे.' पत्ता त्यांनी कुठून शोधला, देव जाणे. मी गेलो.

साहेब निवृत्त झाले होते, काठी घेऊन चालत होते. त्यांनी मला ओळखलं. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी बसले.  समोर बाई मुलीच्या मुंडावळ्या सारख्या करत होत्या आणि मुलगी कशावरून तरी हसत होती.

"नाव बुडाली नव्हती, दिगंबर," साहेब म्हणाले.

"नाही साहेब."

"मी घड्याळ लावून पाहिलं होतं."

"मीही पाहत होतो साहेब."

"हिचा जन्म त्यानंतर दीड वर्षानं." त्यांनी मुलीकडे बोट केलं नाही, नुसती मान हलवली. "तुझी नोकरी मी घालवली. ते काही बरं केलं नाही."

मी म्हणालो, जाऊ द्या साहेब. वाढपी आला. त्याच्या हातून ताट घेऊन साहेबांनी स्वतःच्या हाताने मला लाडू वाढले. मग काठीवर दोन्ही हात ठेवून, माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात विचारलं –

"तो मग कुठे गेला असेल रे?"

"कोण साहेब?"

"तोच... ओल्या कपड्यांचा. सांगून तर गेला. आपण परत फिरलो. तो कुठे गेला?"

गणुबाला मी सगळं विचारलं होतं – किती वाजता आला, काय म्हणाला, कसा रडला. तो कुठल्या बाजूला गेला, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आणि आता गणुबाही नाही.

"माहीत नाही साहेब," मी म्हणालो. आजही माहीत नाही.